कायम न झालेलं इतिवृत्त

अविनाश गेल्याची बातमी मला समुद्रावर कळली. सिंगापूरच्या कडेच्या पुलाउ उबीन बेटावर जाणारी बोट बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. त्या रविवारी नावाड्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अकरावरच बोट सोडली. फोन शर्मिलाचा होता, अविनाशच्या बायकोचा. ‘‘भावजी, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात आहे. सकाळी गेले ते.’’ इंजिनाच्या आवाजात मी तीनदा ‘काय’ म्हणालो आणि तिन्ही वेळा मला नीट ऐकू आलं होतं. बेटावर पाय टेकवला आणि त्याच बोटीने परत फिरलो. मी, जो जिने बघून देवदर्शन रद्द करतो, तो दर रविवारी सकाळी सायकल चालवायला उबीनला का जात होतो, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. सांगताना माझी मलाच किळस येते. पण आता दोन महिने झाले...

अविनाश आणि मी पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात एका खोलीत राहिलो. मी सांगायचो, तो मोजायचा. मी म्हणालो की मेसच्या आमटीत दोनशे माश्या होत्या, तर तो चमचा घेऊन बसायचा आणि म्हणायचा, ‘‘देवध्या, दोन. शून्यं काढ.’’ पुढे तो अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात एमएस करून सिंगापूरला आला आणि रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या खात्यात चिकटला. देवाने माणूस आणि खातं इतकं जुळवून क्वचितच दिलं असेल. येताना त्याने त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं वेड बरोबर आणलं, आणि ते आम्हाला लावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल म्हणजे पाय जवळजवळ न लावता खेळायचा फुटबॉल. चेंडू नारळासारखा, आणि एकेक खेळाडू असा की एकटा लिफ्टमध्ये शिरला तरी घंटी वाजावी. तिकडे शनिवारची संध्याकाळ झाली की आपल्याकडे रविवारी सकाळचे आठ. करंदीकरच्या कॉन्डोची फंक्शन रूम आम्ही सात मराठी घरं मिळून घ्यायचो. पोह्यांचा ढीग असा असायचा की चांगीला उतरणारी विमानं त्याला वळसा घालून जायची. आता मराठी माणसं सात जमली की मंडळ होतंच. करंदीकर अध्यक्ष, कारण रूम त्याच्या नावावर. अविनाश चिटणीस, कारण अक्षर त्याचं. साडेसातला सभा, आठला सामना. कामकाजात विषय क्रमांक एक ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो झाल्याशिवाय दुसऱ्या विषयाला हात लावायचा नाही, हा नियम करंदीकरनेच घातलेला. मग अविनाश उभा राहून गंभीरपणे वाचायचा : ‘पोह्यांत लिंबू कमी असल्याबद्दल चर्चा झाली. पुढील वेळी दोन लिंबे जादा आणावीत असे ठरले. सूचक देवधर, अनुमोदक करंदीकर.’ आम्ही हसून हसून लोळायचो. असे पाच हंगाम गेले. मी तर म्हणतो पन्नास.

मग ते प्रकरण बाहेर आलं. त्या विद्यापीठात खेळाडूंचे निबंध दुसरेच लिहून देत होते, वर्षानुवर्षं. तिथल्याच अभ्यास विभागातल्या एका बाईने कागद पुढे ठेवले. चौकशी झाली, आणि नियम बघणाऱ्या संघटनेने तीन हंगामांतले सगळे विजय रद्द केले. म्हणजे सामना झाला होता, गुणफलक होता, आम्ही पोहे सांडले होते, पण कागदोपत्री जिंकलं कोणीच नव्हतं. पुढची दोन वर्षं मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यांवरही बंदी.

चिडायला हरकत नव्हती. पण कोणावर चिडलो... निबंध लिहिणाऱ्यांवर नाही, लिहवून घेणाऱ्या प्रशिक्षकांवर नाही. त्या बाईवर. तिकडच्या चाहत्यांनी तिच्या घराचा फोटो टाकला, तिच्या कुत्र्याचं नाव शोधून काढलं. आमच्या मंडळाने ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवलं, वर हसरे चेहरे लावून. आम्ही कोण, तर एमआरटी मेट्रोत पाण्याचा घोटही न घेणारी, कॉन्डोच्या तलावात टोपी घातल्याशिवाय पाऊल न टाकणारी माणसं. ‘‘सगळेच करतात, आपलेच सापडले,’’ असं करंदीकर म्हणायचा, जो शेजाऱ्याने पार्किंगच्या पट्ट्यावर चाक टेकवलं तरी मॅनेजमेंटला ईमेल करतो. आणि गंमत बघा, आम्हा सातांपैकी त्या विद्यापीठाचं तोंड पाहिलेला एकटा अविनाश. बाकी सहा जण पोह्यांमुळे आलेले, आणि संतापाने फुटायला तेच झाले होते.

करंदीकरने तातडीची सभा बोलावली. विषय : अन्यायाच्या निषेधाचा ठराव. सिंगापुरातल्या सात घरांनी ठराव केला की अमेरिका हादरणार, अशी आमची खात्री. प्रत्येक जण उठून त्या बाईबद्दल बोलला. मीही बोललो. मला सभेत हशा पिकवायची सवय आहे आणि त्या दिवशी मी सगळ्यात मोठा पिकवला. अविनाश खाली मान घालून लिहीत होता. शेवटी वही न मिटताच तो म्हणाला, ‘‘अध्यक्ष महाराज, माझंही एक वाक्य आहे. मी तिथे शिकत असताना एका खेळाडूचा निबंध लिहून दिला होता. गेल्या आठवड्यात चौकशीवाल्यांना पत्र टाकलं तसं.’’

‘‘तू कशाला मध्ये पडलास?’’ करंदीकर म्हणाला. ‘‘डिग्री जाईल ना तुझी.’’

‘‘जाईल किंवा राहील,’’ अविनाश म्हणाला. ‘‘मी मध्येच होतो.’’

ठराव त्या दिवशी तसाच राहिला. पुढच्या रविवारी साडेसातला तो नेहमीसारखा उभा राहिला आणि इतिवृत्त वाचायला लागला. आम्ही जे जसं बोललो होतो, ते तसंच. नावासकट. त्याच गंभीर आवाजात, ज्यात लिंबांचा ठराव वाचायचा. जिथे आम्ही हसलो होतो तिथे कंसात ‘हशा’. आपलं बोलणं कोणी चाल न लावता परत वाचून दाखवलं की कसं वाटतं, हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. माझं नाव जवळ आलं तसा मी चहा आणायला उठलो.

‘‘दुरुस्ती कर,’’ करंदीकर म्हणाला. ‘‘सभासदांनी तीव्र भावना व्यक्त केल्या, एवढं लिही.’’

‘‘भावना मला लिहिता येत नाहीत रे. बोललेलं लिहितो.’’

‘‘मग हे कायम होणार नाही.’’

‘‘ठीक,’’ म्हणून अविनाशने वही पिशवीत घातली. सामन्याला थांबला नाही. पुढे कधी आलाच नाही. आणि आम्ही काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. निषेधाचा ठरावही अडकून पडला, कारण विषय एक झाल्याशिवाय विषय दोन नाही. तो अडकला म्हणून करंदीकर अविनाशला फितूर म्हणायला लागला, आणि मी गप्प बसलो. महिन्याभरात मलाही तिथे बसवेना. म्हणून सायकल, म्हणून उबीन. पळून जायला या देशात एवढंच लांब जाता येतं.

वर्षभराने तो मला रॅफल्स प्लेसच्या हॉकर सेंटरमध्ये भेटला. फिश सूप खात होता. मी नेहमीच्या चार थापा मारल्या, त्याने एकाही शून्याला हात लावला नाही. मग आपणहून त्या खेळाडूचं सांगितलं. एकशे चाळीस किलोचा मुलगा, बोलायचा मात्र कानात सांगितल्यासारखा. त्याची आई कोळंबीच्या कारखान्यात कामाला होती, तिच्याबद्दलच लिहायचं होतं. ‘‘त्याला स्वतःला लिहायचं होतं रे, देवध्या. समजावून सांग म्हणत होता. मला घाई होती. मीच लिहून टाकलं... त्याच्या आईबद्दल, जिला मी पाहिलीही नव्हती. बी प्लस मिळाला. दोन वर्षांनी गुडघा गेला त्याचा, शाळेच्या मैदानावर चुन्याच्या पट्ट्या आखायच्या नोकरीचाही अर्ज त्याला धड भरता येईना. विजय काढून घेतले म्हणून रडतायत सगळे. त्याचं काय काढून घेतलं ते कुठल्या फलकावर आहे?’’ उठताना ट्रे उचलून तो म्हणाला, ‘‘इतिवृत्त झालं का कायम?’’ मी म्हणालो, ‘‘सोड ना आता.’’ त्याने सोडलं नाही, मान हलवली आणि गेला. डिग्री राहिली त्याची, हे मला शर्मिलाकडून कळलं. आजारही तिच्याकडूनच. नोव्हेनाला मी एकदाच गेलो, तेव्हा तो झोपला होता. उठवलं नाही. मला हायसं वाटलं, हे पण लिहून ठेवतो.

तेराव्यानंतर करंदीकरने त्याच फंक्शन रूममध्ये शोकसभा ठेवली. सगळी सात घरं आली. शर्मिलाला यायला जमलं नाही, अविनाशची मुलगी ईरा वही घेऊन आली. एकोणीस वर्षांची, बापासारखं सरळ बघते. करंदीकर म्हणाला, ‘‘आज थेट शोकठराव घेऊ. प्रसंग काय आहे...’’

‘‘अंकल,’’ ईरा इथल्या पोरांसारखं ‘लाह’चं शेपूट लावत म्हणाली, ‘‘बाबा म्हणायचा, आयटम वन फर्स्ट. जस्ट रीड लाह.’’ आणि वही माझ्या हातात दिली.

मी वाचलं. सगळं. माझं नाव आल्यावर चहा आणायला जायची सोय नव्हती. कंसातले हशेही वाचले, आणि तेव्हा कोणीही हसलं नाही. शेवटी अविनाशचं वाक्य वाचलं, निबंधाचं. मग मी म्हणालो, ‘‘इतिवृत्त कायम करावं. सूचक देवधर. अनुमोदक?’’

एसी घरघरत होता. एकाने फोन काढला, एक पोह्यांवरचं झाकण उघडून बघायला लागला. करंदीकर भिंतीकडे बघत म्हणाला, ‘‘मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला आलोय आपण, आपल्याबद्दल वाईट ऐकायला नाही.’’ मी पुन्हा विचारलं. उरलेल्या पाच घरांत एक हात वर झाला नाही. अनुमोदक नाही म्हणून इतिवृत्त नाही, आणि इतिवृत्त नाही म्हणून शोकठरावही नाही. त्यांच्याच नियमाने. पण पोहे सगळ्यांनी खाल्ले, आणि निघताना एक जण म्हणालाही की आज छान झाले होते.

‘‘सो, नॉट पास्ड?’’ ईराने लिफ्टपाशी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग बाबा अजून सेक्रेटरीच लाह,’’ ती म्हणाली आणि वही माझ्याकडेच ठेवून गेली.

ती आता माझ्या टेबलावर असते. निळ्या पुठ्ठ्याची, समासावर त्याच्या चहाच्या कपाचं वर्तुळ. दर रविवारी साडेसातला उघडतो. उबीनला जाणं बंद केलंय. आयुष्यभर मी वाढवून सांगत आलो, या लेखातसुद्धा विमानं पोह्यांभोवती फिरवली. पण पान शहाऐंशीवर जे आहे त्यात काही वाढवलेलं नाही, काढलेलंही नाही. तिथे त्याच्या अक्षरात असं लिहिलंय : ‘श्री. देवधर म्हणाले की, त्या बाईला नुसती नोकरीवरून काढून उपयोग नाही, त्या गावात तिला कोणी भाजीसुद्धा विकता कामा नये. उपाशी मेली की आपले विजय परत मिळतील. (हशा.)’

मी हे म्हणालो होतो. शब्द बरोबर आहेत.