आरोपीचा पाट

सकाळचा चहा हातात होता आणि फोन वाजला. गारखेड्याहून रेहाना बोलत होती, नफीसाआपाची सून. "खाला, अम्मी गई..." एवढंच म्हणाली आणि पुढं तिला बोलवेना. पुंडलिकनगरहून गारखेडा असं कितीसं लांब, पण त्या दिवशी रिक्षा पोचता पोचेना. गेले तेव्हा आपाला न्हाऊ घालून झालं होतं. चेहरा तेवढा उघडा होता, आणि ओठ घट्ट मिटलेले. एखाद्या नाटकाबद्दलचा मुद्दा मनात पक्का झाला, की बोलायच्या आधी ती नेमके असेच ओठ मिटायची. मी बराच वेळ तिथं बसून राहिले, आता बोलेल मग बोलेल अशी वाट बघत. मग बायकांनी मला हाताला धरून उठवलं.

दोन-तीन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. अमक्यांच्या मातोश्री, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या. मनमिळाऊ! माझा असा संताप झाला म्हणून सांगू. याच पेपरानं थोड्या महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, स्मृतिदिनाला अर्धं पान दिलं होतं. मराठवाड्याला नाटक बघायला शिकवणारे रसिकाग्रणी, असं वर मोठ्या अक्षरात छापलं होतं. अण्णांनी कुणाला काही शिकवलं नाही. नाटक बघायला शिकवलं ते नफीसाआपानं, आणि पहिला चोरटा विद्यार्थी अण्णाच. हे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं. आता ठेवणार नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर गुलमंडीजवळ आणि आपाचं मागच्याच गल्लीत. तिचे वालिद, आमचे चाचा, परवानगीच्या कचेरीत होते. गावात मराठी नाटक कंपनी आली की तिच्या नाटकाचा उर्दू तर्जुमा, म्हणजे भाषांतर, आधी कचेरीत जायचा, साहेब तो वाचायचे, नको तिथं काट मारायचे, आणि मगच तंबूला परवानगी मिळायची. तर्जुमा करायचं काम चाचांचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी लेकीला मराठी अक्षरं शिकवली. ती मोठ्यानं वाचायची आणि ते लिहायचे. सगळी सोंगं एकटीनं वाचायची म्हणजे कधी राजा, कधी चोर, कधी सासू. ती म्हणायची, "बदमाषाची वाक्यं वाचताना गळा आपोआप नरम होतो गे. त्याला तो बदमाष वाटतच नाय ना."

प्रत्यक्ष नाटक आम्ही तंबूत चिकाच्या पडद्यामागं बसून बघायचो. निम्मं दिसायचं, सगळं ऐकू यायचं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या माजघरात बायकांची कचेरी भरायची. ही पद्धत आपानंच पाडलेली. मध्ये एक रिकामा पाट मांडायचा, पितळी फुल्यांचा, आमच्या घरचा जुना. त्यावर कुणी बसायचं नाही. नाटकातला ज्याचा न्याय करायचा तो त्या पाटावर बसलाय असं धरायचं. जिला जे म्हणायचंय ते तिनं म्हणावं, शिव्या दिल्या तरी चालेल. मात्र कायदा एकच होता: कुणीतरी आरोपीची बाजू मांडल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. ती बाजू नेहमी आपा घ्यायची, कारण बाकी आम्ही सगळ्या फाशी द्यायला टपलेल्या.

एक नाटक आलं होतं, जुगारी नवऱ्याचं आणि त्याच्या सोशिक बायकोचं. तंबूतल्या बायका पदराला डोळे पुसत घरी गेलेल्या. दुसऱ्या दिवशी पाटावर अर्थातच जुगारी. सगळ्यांचं तोंडसुख घेऊन झालं तशी आपानं ओठ मिटले आणि म्हणाली, "ती दागिने लपवती, व्हय ना? तीन अंकांत तीनदा लपवती. आणि दर वेळी त्याच कोनाड्यात! ज्याला लपवायचं असतं तो जागा बदलतो. तिला ते सापडायला पायजेत. तिला माफ करायची चटक लागलीय." आमची आई पोळपाट तसाच सोडून बाहेर आली. मी आजही कुठलंही नाटक-सिनेमा बघते तेव्हा आधी कोनाडा शोधते.

ओसरीवर, दाराच्या पलीकडं, अण्णा झोपाळ्यावर बसलेले असायचे. ते शाळेत मास्तर, वाचनालयाचे चिटणीस. आठ-पंधरा दिवसांनी वाचनालयात त्यांचं व्याख्यान झालं. विषय क्षमेचं व्यसन! कोनाडा, तीन अंक, जागा बदलणं, सगळं जसंच्या तसं. पुढं ते पुण्याच्या मासिकात छापून आलं. आणि हे एकदाच नाही... दर नाटकाला तेच. मी मासिकाचा अंक हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, हे आपाचं हाय. तुमचं नाय."

त्यांनी मान वर केली नाही. "बायकांच्या गप्पांना कोण विचारतं? मी त्याला विचाराचं रूप दिलं," म्हणाले.

मी रडत आपाकडं गेले. ती गच्चीवर शेवया वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मला वाटलं होतं तसं काही केलं नाही. रागावली नाही, यायची थांबली नाही. ईदेला शीरखुर्म्याचं भांडं अण्णांच्या नावानं वेगळं आलंच. मी चिडून म्हटलं, तू काही करणार आहेस की नाही? तर म्हणाली, "नाटकातले लोक कायकू मरतात मालूम? बदला घेणार, बदला घेणार म्हणून सगळ्या गावाला सांगत फिरतात. शहाण्यानं चूप बसावं. सावळजीसारखं." सावळजी म्हणजे तिचा बोका. मी तेव्हा हसले, पण तिचे ओठ मिटलेले होते.

पुढच्या हंगामात मोठी कंपनी आली. नाटक जुनं, नावाजलेलं. प्रधान एका निरपराध सुभेदाराला विष देतो, सुभेदाराची विधवा ओळख लपवून त्याच प्रधानाच्या घरी चाकरीला राहते. शेवटच्या अंकात ती भर दरबारात येते, विषाचा रिकामा पेला प्रधानासमोर ठेवते, आणि एक अक्षर न बोलता निघून जाते. पडदा. दुसऱ्या दिवशी आपा माजघरात आली ती नेहमीची जागा सोडून थेट दाराशी बसली, झोपाळ्याकडं पाठ करून. आणि एरवी हळू बोलणारी आपा त्या दिवशी खणखणीत आवाजात बोलली. म्हणाली, या नाटककाराची कमाल अशी की ज्या बाईवर एवढा जुलूम झाला तिला तो शेवटी एक शब्दसुद्धा देत नाही. शब्द दिला असता तर सूड तिथंच खर्ची पडला असता. गप्प राहिली म्हणून तो प्रधानाच्या घरात कायमचा राहायला गेला. दाराबाहेर झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या.

त्या संध्याकाळी गच्चीवर तिनं मला खरं सांगितलं. मूळ नाटकात ती बाई गप्प नाही! पेला ठेवल्यावर ती राजाकडं वळते आणि पानभर बोलते... ज्याच्या राज्यात न्याय मागायला विधवेला चाकर व्हावं लागतं तो राजा कसला, असं तोंडावर विचारते. आमच्या राज्यात ते कोण बोलू देणार? साहेबांनी पानच्या पान काटलं. चाचांना ते आपानंच वाचून दाखवलं होतं, म्हणून तिला ठाऊक. आम्हा मोगलाईतल्या प्रेक्षकांना वाटत राहिलं की नाटक पेल्यावरच संपतं. "आणि खरं सांगू?" ती म्हणाली. "काटल्यावरच ते चांगलं झालं. मी आज बोलले त्यात खोटं काय नाय. फक्त ते नाटककाराचं नाय, कात्रीचं हाय." अण्णांना ते छापील पुस्तक मागवून वाचता आलं असतं. पण ऐकून काम भागतंय म्हटल्यावर वाचतो कोण? मी गप्प बसले. याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अण्णांना पुण्याच्या सभेचं आमंत्रण आलं. विषय त्यांनीच कळवला, अबोल सूड. नवा कोट शिवला. मनमाडला गाडी बदलून ऐटीत गेले. त्या सभेला आमची पुण्याची मावशी होती, म्हणून पुढचं कळलं. अण्णा तासभर रंगून बोलले. बाईचं मौन, नाटककाराची थोरवी, वगैरे. लोक आधी एकमेकांकडं बघायला लागले, मग कुजबुज झाली. शेवटी पुढच्या रांगेतून एक म्हातारे नट उठले. बायकांची कामं पुरुष करायचे त्या काळात त्यांनी ही विधवा उभी केली होती. त्यांनी काही वाद घातला नाही. खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून घेतलं, अण्णांकडं वळले आणि ते पानभर भाषण जागच्या जागी म्हणून दाखवलं. सभा हसून हसून लोळली, असं मावशी म्हणाली. मी हे वाक्य तिच्याकडून कितीदा तरी वदवून घेतलं.

परत आले ते अण्णा झोपाळ्यावर नुसते बसून होते. मी पाणी दिलं. पेला हातात धरून म्हणाले, "तिला माहीत होतं?"

"कुणाला?" मी म्हटलं. "बायकांच्या गप्पांना कोण विचारतं?"

इतकं गोड वाक्य आयुष्यात पुन्हा माझ्या तोंडी आलं नाही.

पण नाटकासारखा पडदा पडला नाही, हीच गोम. पुण्यातली फजिती मनमाडच्या अलीकडं आलीच नाही. अण्णांनी नवं बोलणं बंद केलं, ते इथल्या लोकांना भारदस्त वाटलं. राज्य गेलं, माणसं इकडची तिकडं झाली, आपा इथंच राहिली. अण्णांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या जुन्या व्याख्यानांचं पुस्तक काढलं, त्यात कोनाडा आहे, चटक आहे, सगळं आपाचं आहे. मी तिच्याकडं जाऊन थयथयाट केला, की ती पान लावता लावता म्हणायची, "अगे, त्यांचं पण काय तरी म्हणणं असंल..." मी तिला पुढं बोलूच द्यायची नाही.

शेवटची भेट गारखेड्याच्या घरात. आपा पलंगावर, समोर टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा, आवाज बंद. खाष्ट सासू सुनेला घराबाहेर काढत होती. "हात बघ तिचे," आपा म्हणाली. "दार ढकलती, पण कडी नाय लावत." मी ते अर्धं पान तिच्यापुढं टाकलं आणि म्हटलं, आता मी लिहिणार. तिनं ते वाचलं, नीट घडी घालून उशाशी ठेवलं. ओठ मिटले. मग म्हणाली, "लिही. पण मी असेपर्यंत नक्को."

"का? अजून त्यांची भीड?"

"भीड कसली? मी असले तर त्यांची बाजू मला घ्यावी लागंल. आणि मी घेतली तर तुझा बदला होणार नाय, सिंधू. मी चांगली मांडीन."

तर आता तिची अडचण नाही. तिचा चाळिसावा दिवस झाला त्या दुपारी मी माळ्यावरून तो पाट काढला, चिंच लावून पितळी फुल्या घासल्या आणि पुंडलिकनगरच्या या छोट्या हॉलच्या मध्यावर मांडला. अण्णा, बसा. तुमचं सगळं मी भर दिवसा, छापून, सांगून टाकलंय. साक्ष झाली, पुरावा झाला, फाशी द्यायला मी एकटी पुरेशी आहे. इतक्या वर्षांची इच्छा आहे माझी ती.

पण निकाल देता येत नाहीये. कायदा एकच होता, आणि तो तिचा होता. पाटासमोर बसून मी रोज दुपारी थोडा वेळ थांबते... त्यांच्या बाजूनं बोलणारी एकच होती, आणि मी तिला कधी वाक्य पुरं करू दिलं नाही.