काठावर राहिलेल्या चपला

धरणाच्या काठावर, मासेमारांचे डोंगे, म्हणजे लहान नावा, बांधायच्या खुंटापाशी जोडून ठेवलेल्या त्या चपला अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आंजीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो.

वर्ध्याच्या दवाखान्यातून खबर आली, धरणावरच्या मजुराचा डावा पाय चिरडलाय. धरणातला गाळ मोजायचं काम एका ठेकेदाराने घेतलं होतं आणि त्यासाठी बाहेरून इंजिनाची बोट भाड्याने आणली होती. जखमी माणूस गावातला मासेमार, बोटीवर मदतीला लावलेला. त्याने जबाब दिला, "काठावर घसरून पडलो साहेब. दगड पायावर आला." बोलला ते छताकडे पाहत. मी जबाब लिहून घेतला, जागेचा पंचनामा केला, त्याच्या चपला ताब्यात घेतल्या. प्रकरण साधा अपघात म्हणून मिटायच्या बेतात होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. अंमलदाराने "उद्या या" म्हणून पाहिलं, बाई हलेना.

"माहा माणूस लबाड बोलून राह्यला, साहेब. तुमाले सांगते काठावर, मले सांगते डोंग्यावर. इंजिनाच्या पट्ट्यात पाय गेला त्याचा."

"मग लपवते काऊन?"

"ठेकेदार म्हणते, बोटीचं नाव काढलं त दवाखान्याचा खर्च बंद."

माझं डोकं फिरलं. काठावर दगड पडला तर दोष कुणाचाच नाही. बोटीवर झालं तर ठेकेदार आणि बोटमालक, दोघं अडकतात. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दोघांत करार होता, की बोटीवर कुणाला इजा झाली तर मालकावर येणारा बोजा ठेकेदाराने भरून द्यायचा. म्हणून मालक बिनघोर, ठेकेदार घायकुतीला आलेला. आणि बोट त्याच संध्याकाळी ट्रकवर चढून जिल्ह्याबाहेर जाणार होती. बोट गेली की पुरावा गेला, त्याच्या मागोमाग त्या माणसाची भरपाईही.

ठेकेदाराला बोलावलं. सिंदी मेघेचा गृहस्थ, अंगात सफारी, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी चहा मागवला. बरं वाटलेला माणूस जास्त बोलतो.

"अहो, रबरी चप्पल अन् ओला दगड! सटकली अन् गेला खाली. मी डोळ्यानं पाह्यलं."

"दोन्ही चपला पायात होत्या?"

"होत्या म्हणजे काय! त्यांनीच तर घात केला."

मी चपला टेबलावर ठेवल्या. पायाचा चेंदामेंदा झालेला, चपलेवर मात्र ओरखडा नाही. "या खुंटापाशी सापडल्या. इथला माणूस चपला घालून डोंग्यात पाय ठेवत नाही. देवळात शिरावं तसा काढून चढतो. तुम्ही रोज बूट घालून चढलात, म्हणून तुम्हाला दिसलंच नाही. आता सांगा, अनवाणी माणूस कुठे होता?"

त्याने खर्रा खिडकीबाहेर थुंकला. मग एकदम उसळला, "पट्ट्यावर झाकायची जाळी मालकानं काढली साहेब! माझ्यावर काऊन टाकता?"

झालं! जाळी म्हणजे इंजिन, इंजिन म्हणजे बोट. मी त्याला तिथेच बसवून जीप काढली. धरणावर पोचलो तेव्हा बोट अर्धी ट्रकवर होती. पट्ट्याला वाळलेलं रक्त, जाळीचा पत्ता नाही. मालक ओरडत होता, "करारात सगळं ठेकेदारावर आहे!" मी म्हटलं, "ते तुम्ही दोघं आपसात भांडा." बोट जप्त केली.

दवाखान्यात जाऊन जखमीला म्हटलं, "बोट आमच्या ताब्यात आहे. आता बोल." तो लेकरासारखा रडला आणि सगळं बोलला. पाय मात्र वाचला नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा दोघांवर लागला. भरपाईच्या हुकुमात आधी ठेकेदाराने पैसे द्यावेत, मग मालकाशी हिशेब करत बसावं, असं ठरलं.

करार दोघांचा होता, त्यात तिसऱ्याचा पाय कुणी हिशेबात धरलाच नव्हता. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याच्या बाजूने बोलू लागला, तर त्याला खोटारडा म्हणायची घाई करू नये. त्याचं औषध कोण आणतंय ते आधी पाहावं. मी हे त्या प्रकरणात शिकलो.

खटला संपल्यावर तो कुबडी घेऊन मुद्देमाल न्यायला आला. उजवी चप्पल पायात घातली, डावी माझ्या टेबलावर ठेवली.

"हे तुमच्यापाशीच राहू द्या साहेब. कोनी म्हनलं काठावर पडला, त दाखवजा."

नियमाने मला ती ठेवता येत नव्हती. मी ती उचलून त्याच्या बायकोच्या हातात दिली. तिने पदराने पुसली आणि पिशवीत घातली.