आंब्याचा दिवस आणि सुलाबाईचं पथ्य

ताडकळसजवळच्या एका गावात सुलाबाई अंगणवाडीची मदतनीस होती. सत्तावीस वर्षं तिनं गावातली पोरं घरोघर जाऊन ओढत आणली, खिचडी शिजवून भरवली, तोंडं धुतली. त्यातल्या कितीतरी पोरांना आता मिशा आल्या होत्या. एक तर एसटीत कंडक्टर झाला होता, आणि सुलाबाई गाडीत चढली की अजूनही आधी स्वतःचं तोंड पुसायचा. आपल्या हातून एक पोर उपाशी उठलं नाही, हे ती कुणी विचारो न विचारो सांगायची.

आणि निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना साडेतीन वर्षांची शिवकन्या तिचं नाक कापायला बसली होती.

शिवकन्येचे आईबाप मेंढरं घेऊन लांब गेलेले, म्हणून पोरगी आजोबाकडं, रायभानकडं राहायची. चार महिने झाले, ती ताटलीसमोर मांडी घालून बसायची आणि ओठ मिटून घ्यायची. सुलाबाईनं चिऊकाऊचे घास केले, गूळ लावून पाहिला, दटावून पाहिलं. शेवटी खिचडी डब्यात भरून घरी पाठवावी लागायची. घरी म्हणे ती पोटभर खायची. सुलाबाईला झोंबायचं ते हेच.

"घरी खाती अन् माझ्यासमोर खाईना. म्या काय इख कालवायलेय का त्यात?" ती अंगणवाडीच्या ताईंना विचारायची. जाण्याआधी हिला एकदा तरी खाताना बघायचं, हे तिनं मनाशी धरलं होतं. ते जमलं नाही तर सत्तावीस वर्षं पाण्यात गेली, असं तिला खरंच वाटायला लागलं होतं.

तिची सगळी भिस्त आता आंब्याच्या दिवसावर होती. सुलाबाईच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, एकच आंब्याचं झाड, शेप्या नावाचं. फळ लहान, रेषाळ, आणि शेपूच्या भाजीसारखा वास. दरवर्षी गवतात घातलेली आढी पिकली की ती टोपलं घेऊन यायची, पोरांचे सदरे-फ्रॉक काढून दोरीवर टाकायची आणि सगळ्यांना चड्डीवर पाण्याच्या टाकीजवळ ओळीनं बसवायची. प्रत्येक आंबा हातात मऊ करायचा, देठ काढायचा, चीक पिळून टाकायचा आणि पोराच्या हातात द्यायचा. हे सगळं ती करायची, पण चार वर्षांपासून तिला बोट चाटायचीसुद्धा चोरी होती. शुगर निघाली होती, आणि सून मनिषा डॉक्टरपेक्षा कडक होती.

यंदाही पोरं तुटून पडली. रस कोपरावरून पोटावर, पोटावरून बेंबीत. सूरज कोपर चाटायचा प्रयत्न करत होता आणि जीभ पोचत नाही म्हणून शेजारणीचं कोपर चाटून मोकळा झाला. एकाची कोय निसटून मातीत गेली. त्यानं ती पोटावर पुसली आणि परत तोंडात घातली. कुणाच्या भुवईत रेषा अडकलेल्या, कुणाच्या कानात रस. आंबा कानापर्यंत कसा गेला, हे त्या पोरालाही सांगता आलं नसतं.

शिवकन्या मात्र दोन्ही हातांत आंबा धरून कोरडी ठणठणीत बसली होती.

"सगळी खायलेत, तू बी खाय की माय," सुलाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "आ कर." पोरगी टकामका बघत राहिली. सुलाबाईचा धीर सुटला. "आगं, आसं. आऽ." तिनं स्वतःच जबडा वासून दाखवला.

शिवकन्या उठली. एक हात तिनं सुलाबाईच्या हनवटीखाली लावला, दुसऱ्यानं आंबा तिच्या तोंडात कोंबला आणि पिळला.

"पी," ती म्हणाली.

सुलाबाईला आधी थुंकावंसं वाटलं. पण पोरगी इतक्या काळजीनं तिच्या गळ्याकडं बघत होती की तिनं गिळलं. गळा हलला तशी शिवकन्येनं आंबा काढून घेतला, स्वतःच्या तोंडात घातला आणि साल चपटी होईस्तोवर चोखला.

दुसऱ्या आंब्याला तेच. पोरीसाठी गिळावं लागलं, असं सुलाबाई पुढं सांगायची. पण तिसऱ्या आंब्याला तिनं न सांगता आ केला होता, हे सगळ्या पोरांनी पाहिलं.

दुपारी नातीला न्यायला रायभान आला, पोरांकडून सगळं ऐकलं आणि पिवळ्या झालेल्या दोघींकडं बघून हसला. "बिनआईची दोन कोकरं हायत आमच्याकडं. हीच बाटलीनं पाजती. कोकरू प्याल्याबिगर घास घेत न्हाई ती."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"तुमी इचारलं कुटं? मलाच दटावायल्या व्हत्या."

तो गेल्यावर सुलाबाई टाकीजवळ तोंड धूत बसली. घरीदारी ती नेहमी सगळ्यांचं उरकल्यावर जेवायची. तिच्यापुढं आधी घास धरणारं कुणी आजवर भेटलंच नव्हतं. तिला रडू आलं, आणि पाण्याच्या हबक्यात तिनं ते धुऊन टाकलं.

संध्याकाळी मनिषानं पदराचा वास घेतला. "पोरांला पुसता पुसता लागलं गं," सुलाबाई म्हणाली.

"अन् जिभंला बी पुसतानाच लागलं का, आत्याबाई?"

महिनाअखेरीला नवी मदतनीस निकिता आली. सुलाबाईनं तिला किल्ल्या दिल्या, डाळीचा डबा दाखवला, कढई कुठल्या कानाला पोळते ते सांगितलं. मग तिला शिवकन्येसमोर बसवलं. "आता आ कर."

म्हातारीचं डोकं फिरलं की काय, अशा चेहऱ्यानं निकितानं आ केला. शिवकन्येनं तिला बराच वेळ निरखलं, खिचडीचा घास तिच्या तोंडात घातला आणि मग स्वतः खाऊ लागली.

सुलाबाईला हायसं वाटलं, आणि लगेच रागही आला. पोरीनं निदान आठवडाभर तरी अडून बसायला हवं होतं. ती गुपचूप दाराशी गेली आणि चपला घालू लागली, तेवढ्यात पदर ओढला गेला. खिचडीनं माखलेला हात वर करून शिवकन्या उभी होती.

सुलाबाई खाली बसली आणि तिनं आ केला.