शेअरच्या आलेखाचा कर्ण

बाकीच्या बायकांचे नवरे रविवारी पंखे पुसायचे, बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी आणायचे. आमचे हे जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून शेअरचे भाव मोजत बसायचे. भोपाळच्या कारखान्यात डिझाइन विभागात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातही डिव्हायडर, सेटस्क्वेअर आणि टोकदार पेन्सिली. ताटं मांडायला जागा म्हणून नाही! मी ओरडले की म्हणायचे, "अगं, एवढी रेघ संपू दे."

त्यांची पद्धत अशी. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर भाव. भाव चढला की तळापासून शेंड्यापर्यंत तिरकी रेघ, म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. त्याची लांबी काढायची. शेअर मधेच जरा दम खाऊन पुन्हा चढायला लागला की तेवढ्याच लांबीची रेघ तो परत चालणार, असा ह्यांचा सिद्धांत. आणि दोन-तीनदा तसं झालंही. मग काय विचारता! कारखान्याच्या टाउनशिपमधली मंडळी दर रविवारी आमच्या व्हरांड्यात जमायला लागली आणि मी चहाचं आधण ठेवायला लागले. तोंडाने कुरकुरायचे, पण मनातून फुगलेली असायचे.

समोरच्या क्वार्टरमधले भाऊजी ह्यांचे सगळ्यात पक्के भक्त. नागपूरकडचे, कारखान्यात इन्स्पेक्शनला, तयार पार्ट मोजून पास-नापास करायचे. निवृत्ती जवळ आलेली, म्हणजे क्वार्टर सोडायचं. अयोध्या नगरात घराच्या भिंती उभ्या होत्या, स्लॅब अडला होता, आणि स्लॅबचे सगळे पैसे एका सिमेंट कंपनीच्या शेअरमध्ये. विकून मोकळा होतो म्हणाले, तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "थांबा हो, अजून पाच सेंटिमीटर आहेत." भाऊजी थांबले.

मी टाउनशिपच्या शाळेत आठवीला गणित शिकवायचे. पुढच्या शनिवारी दुपारी टेबलाच्या एका कोपऱ्यात पेपर तपासत होते, बाकी टेबल ह्यांचं. त्यांच्या कागदावर लिहिलेलं दिसलं: पाया पाच, उंची बारा, कर्ण तेरा.

"तेरा काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? तेरा."

"एकक कुठाय? तेरा आठवडे की तेरा रुपये? नुसतं तेरा लिहिलं तर मी पोरांचा अर्धा मार्क कापते."

"सेंटिमीटर! मोजलंय मी."

"कागदावर असतील. शेअर काय सेंटिमीटरने विकतात?"

भडकलेच. म्हणाले, आठवीची भूमिती वेगळी आणि हे वेगळं. मीही ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, "इंजिनियरांसाठी कर्णाचं प्रमेय वेगळं छापतात वाटतं?" मला खोटं पाडायला म्हणून त्यांनी जुना कागद काढून नव्याशेजारी ठेवला, आणि तिथेच त्यांचा हात थांबला.

भाव चढून जुना कागद अपुरा पडला तेव्हा त्यांनी दुसरा घेतला होता. सगळं मावावं म्हणून त्यावर उभ्या सेंटिमीटरला पाचाऐवजी दहा रुपये धरले. आणि जुन्या कागदावरचे तेरा सेंटिमीटर डिव्हायडरने उचलून नव्यावर जसेच्या तसे ठेवले. नव्या मापाने बाराची उंची सहा होते, पाया पाचच राहतो, कर्ण आठाच्याही आत येतो. रेघ तर आठपर्यंत आलेली होती. राहिलेले पाच सेंटिमीटर नव्हतेच मुळी.

"प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं," हे हळू आवाजात म्हणाले, "पट्टी लावून मोजू नका, लिहिलेलं माप घ्या. जन्मभर ऑफिसातल्या पोरांवर ह्यासाठी ओरडलो गं."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "जाऊ द्या. भाऊजींना बाजूला घेऊन सांगा."

"बाजूला कशाला? थांबा म्हणालो ते चारचौघांत."

दुसऱ्या दिवशी व्हरांडा भरला. ह्यांनी दोन्ही कागद पुढे ठेवले. "माझं माप चुकलं. ही रेघ संपलेली आहे. आणि खरं सांगायचं तर अशी रेघ मोजून शेअरचं काहीच कळत नाही, कागद बदलला की लांबी बदलते. हे माझ्या नाही, हिच्या लक्षात आलं." कुणीतरी हसून म्हणालं, "भाभीजी ने पकड़ लिया!" मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिले.

"मग मी काय करू?" भाऊजींचा चेहरा उतरला होता.

"स्लॅब कधी घालायचाय ते बघून ठरवा. माझ्या रेघेकडे बघू नका."

भाऊजींनी सोमवारी विकले. आणि मेला तो शेअर त्यानंतर नुसता चढतच गेला! व्हरांड्यातली मंडळी पांगली. एकदोघं तर ह्यांना पाहून रस्त्यात हसायची. माझा असा संताप व्हायचा, पण हे आपले सरळ पुढे चालत राहायचे.

अयोध्या नगरात वास्तुशांतीच्या जेवणाला आम्ही गेलो. नव्या स्लॅबखाली पंगत बसली होती. भाऊजी जिलबी वाढता वाढता म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या चुकीच्या रेघेवर थांबलो असतो नं, तर वरचा मजलाबी झाला असता!" पंगत हसली.

ह्यांनी मान वर केली. "भाऊ, चुकीच्या मापाचा पार्ट नशिबाने फिट बसला, तर तुम्ही पास करता?"

भाऊजींचं हसू थांबलं.

"नाही करत," ते म्हणाले. "रिजेक्ट करतो."

मग खाली वाकून त्यांनी ह्यांच्या पानात आपल्या हाताने जिलबी वाढली. ह्यांच्या प्रमोशनला मी सबंध सेक्टरमध्ये पेढे वाटले होते, पण इतका अभिमान मला तेव्हाही वाटला नव्हता.