ड्रमवर थापलेली भाकरी

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्वारीचे पीठ ड्रमला चिकटत नाही. हा शोध माझा आहे आणि तो मी लेकीच्या साखरपुड्यात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर लावला.

त्याचं असं झालं. पन्नाशीत मी एक जुना ड्रमसेट घेतला. (या वयात लोक गुडघ्याचा पट्टा घेतात.) सेट झकास होता. फक्त त्यातला मधला छोटा ड्रम, ज्यावर सगळा ठेका चालतो, तो एकदा वाजला की थांबायचाच नाही. मी मारायचो 'ठप्', तो म्हणायचा 'ठप्-टण्ण्ण्ण!' जिन्यावरून तांब्या घरंगळत जावा तसा!

साखरपुड्याच्या सकाळी लेकीनं, ईश्वरीनं, निकाल सुनावला.

"बाबा, आज एकच गाणं वाजवा. आणि तो टण्ण आला ना, तर लग्नात ड्रम माळ्यावर आणि तुम्ही अक्षता वाटायला!"

लेकीच्या लग्नात बापानं नुसत्या अक्षता वाटायच्या? मी तडक चावी घेऊन ड्रमच्या कडेचे स्क्रू पिळायला बसलो. खरं तर समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे असतात, म्हणजे ड्रमचं पान, वरचा पडदा, सगळीकडे सारखा ताणला जातो. मी उत्साहाच्या भरात एका टोकापासून सुरुवात केली आणि करकचून आवळत गेलो. आता ड्रम एका कडेला 'टण्ण' म्हणायचा, दुसऱ्या कडेला 'टिंग्ग', आणि मधोमध दोन्ही! मग वर टॉवेल टाकला. (सोलापुरात टॉवेलाला काय तोटा!) टण्ण गेला. पण आता गादी झोडपल्यासारखं वाटायला लागलं.

एवढ्यात शेजारचे मल्लप्पाअण्णा दारात उभे. हे भजनी मंडळात पखवाज वाजवतात.

"अहो, कणीक लावा की! आमी पखवाजाला डाव्या अंगाला लावतोच की. आवाज कसा गुमान बसतोय बघा!"

मी स्वयंपाकघरात धावलो. बायको आरतीचं तबक भरत होती.

"कणीक कुठाय?"

"संपलीय. ज्वारीचं पीठ आहे. कशाला?"

"चालेल. पीठ ते पीठ!"

"अहो, ज्वारीला चिकटपणा नसतो..."

"मी भाकरी करत नाहीये, संगीत करतोय!"

तिनं देवाकडं बघितलं. मी पीठ गार पाण्यात कालवलं, गोळा केला आणि ड्रमच्या मधोमध चांगला तळहाताएवढा थापला. काडी मारली. 'ठप्!' बस्स! पुढं काही नाही. मल्लप्पाअण्णांनी मान डोलावली. "व्हय, आता बसला!"

कार्यालयात ड्रम थेट पंख्याखाली ठेवला होता. टिळे झाले, अंगठ्या झाल्या, दोन्हीकडच्या मामांची भाषणं झाली. तोवर माझ्या संगीताला तडे गेले होते. मी आपला पाहुण्यांकडं बघत हसत होतो.

गाणं लागलं. पहिल्या काडीला थोडा भुगा उडाला. (लोकांना वाटलं, काहीतरी रोषणाई आहे.) दुसऱ्या काडीला भाकरीची कड सुटली. तिसऱ्या काडीला उरलेली भाकरी हवेत उडाली, नवरदेवाच्या डोक्यावरून गेली आणि मंगळवेढ्याच्या विहीणबाईंच्या ओटीत, नारळाशेजारी जाऊन बसली. मोकळा झालेला ड्रम ओरडला, 'टण्ण्ण्ण्ण!'

ईश्वरीनं डोळे मिटले. बायकोनं तबक खाली ठेवलं.

विहीणबाईंच्या घरची ज्वारीची शेती. त्यांनी तो तुकडा उचलला, उजेडात धरला, मोडून बघितला, वास घेतला. मग माझ्याकडं एक नजर टाकून, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात ईश्वरीला म्हणाल्या,

"पोरी, लग्नात तुझ्या बाबास्नी खुशाल वाजवत बसव, पर भटारखान्याकडं फिरकू देऊ नगंस!"