सुलूची सात चर्चं, त्यातली पाच

"ताई, सात चर्चं करायची आहेत. येशील का?" सुलूचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्टीची वाट बघत होते. सुलू म्हणजे सुलभा, माझी धाकटी बहीण. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात सात चर्चना भेट देऊन प्रार्थना करायची, ही कॅथलिक लोकांची जुनी रीत आहे. सुलू लग्नानंतर कॅथलिक झाली. मी मात्र जन्मले त्या प्रॉटेस्टंट मंडळीतच राहिले. म्हणून म्हटलं, "तुमच्या यात्रेत माझं काय काम?"

"सगळी आमची नकोतच. सगळ्या प्रकारची घेऊ. शेवटचं तुझं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि एकदा तुझ्याबरोबर घ्यायचंय गं. एकदाच."

काय घ्यायचं ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षरस सगळे मिळून घेतात. आम्ही त्याला प्रभुभोजन म्हणतो, ते ख्रिस्तप्रसाद. लहानपणी आम्ही दोघी एका ताटात जेवलो, पण तिच्या लग्नापासून हे एक जेवण आम्हाला कधी एकत्र मिळालं नाही. तिच्या चर्चमध्ये ते मला देत नाहीत, आणि तिनं आमच्याकडचं घेऊ नये असा तिच्या चर्चचा नियम आहे. दर जानेवारीत पुण्यातली चर्चं ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करतात. दोन्हीकडचे पुढारी एका व्यासपीठावर बसतात, शाली होतात, चहा होतो, फोटो निघतात. जेवणाची गोष्ट कुणी काढत नाही.

सुलूला पोटाचा कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी काहीही लपवून ठेवलं नव्हतं. मी गॅस बंद केला आणि हो म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचं आधी सांगते. रविवार निवडा, एरवी दुपारी बहुतेक चर्चना कुलूप असतं. आम्ही महिन्याचा पहिला रविवार धरला, कारण आमच्याकडे प्रभुभोजन त्याच दिवशी असतं. मी कर्वेनगरला, सुलू घोरपडीला, म्हणजे शहराची दोन टोकं. दिवसभरासाठी एकच रिक्षा ठरवा, नाहीतर प्रत्येक फाटकाशी नव्यानं वाद घालावा लागतो. पाणी, टोपी आणि बरोबर आजारी माणूस असेल तर उशी घ्या. आमचे रिक्षावाले बाळासाहेब, बार्शीकडचे. बोलके निघाले. मी बोलकी नाही, पण दिवस मोठा होता.

घोरपडीला सुलूचा नवरा अँथनी दारातच औषधांची पिशवी घेऊन उभा होता. "ताई, ती नाही म्हणेल, तरी गोळी द्या."

"तू येत नाहीस?"

"मी आलो की तुम्हाला नीट भांडता येत नाही."

पहिलं चर्च त्यांचंच. मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, सुरू होण्याआधी सुलूनं फादरना गाठलं. फादर तरुण होते, वसईकडचे. "फादर, ही माझी बहीण. आज माझ्याबरोबर ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहिली तर?"

फादरनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "सुलभाताई, माझ्या हातात असतं तर... त्यांना आशीर्वादासाठी येऊ द्या. हात छातीशी घडी करून यायचं, मी आशीर्वाद देईन."

"हाताची घडी मी शाळेत पुष्कळ घातली आहे," मी म्हटलं. ते हसले, पण कसनुसं. राग यावा असा तो माणूस नव्हता. रांग निघाली, सुलू गेली, मी बसून राहिले. परत येऊन ती डोळे मिटून शेजारी बसली आणि तिचा हात मात्र माझ्या हातावर ठेवला. हात गरम होता, तापाचा.

कॅम्पातलं दगडी चर्च इंग्रजांनी त्यांच्या सैनिकांसाठी बांधलेलं. वास्तू बघायला जाणार असाल तर हे चुकवू नका. छत उंच, आत गारवा, आणि भिंतीवर पितळी पाट्या. पाट्यांवरची बहुतेक नावं कोवळ्या पोरांची, लढाईत नाही तर पटकीनं गेलेली. तिथे कुणी नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनी प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हटली. ती दोन्हीकडे एकच आहे. फक्त शेवटची एक ओळ आम्ही लगेच जोडून म्हणतो, ते तिथे थांबतात. लहानपणी सुलूही म्हणायची. लग्नानंतर ती थांबायला लागली आणि मी पुढे एकटीच. माझं संपेपर्यंत ती वाट बघते आणि विचारते, तसंच त्या दिवशीही विचारलं: "झालं का तुझं?"

"झालं. तुझ्यासारखं अर्धवट सोडायची मला सवय नाही."

बाहेर एका बेकरीत चहा आणि खारी घेतली. गर्दी असते, पण आतल्या बाजूला पंखा आहे आणि स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ आहे. आमच्या वयाला हे आधी बघावं लागतं. सुलूनं उपवासकाळात चहा सोडलेला. तरी तिनं कप ओढला. "रविवार उपवासात धरत नाहीत."

"सोयीचा आहे तुमचा उपवास."

तिला दोनच घोट गेले. खारी तिनं बाळासाहेबांना दिली. ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? देव एकच हाय ना तुमचा? मग एवढी चर्चं कशाला?"

"तुमच्या गल्लीत गणपती किती बसतात?" मी विचारलं.

"तीन."

"मंडळं एकमेकांशी बोलतात?"

"दोन बोलत्यात," बाळासाहेब म्हणाले. "तिसऱ्याचा आवाज मोठा हाय." सुलू इतकी हसली की मला तिची पाठ धरावी लागली.

तिसरं चर्च मल्याळी लोकांचं. चपला बाहेर, बायका एका बाजूला, आणि वेदीपुढे मोठा पडदा. आम्हाला एक शब्द कळला नाही, पण धुपाच्या वासात सुलूला बरं वाटलं. तिथलं प्रभुभोजनही फक्त त्यांच्या लोकांसाठी. हे एका बाईंनी आम्ही न विचारताच सांगितलं, अगदी प्रेमानं, आणि केळी दिली.

चौथं म्हणजे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. जिना अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर जाऊ नका. ड्रम, गिटार, स्पीकर. दारातच एका मुलीनं हसून विचारलं, "आंटी, येशूत तुमचं तारण झालंय का?"

सुलू कठड्याला धरून धापा टाकत होती. "डॉक्टर तर नाही म्हणाले."

मुलगी गोरीमोरी झाली. तिनं खुर्ची आणली, पंखा वळवला, आणि सुलूच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. भाषा मोडकी होती, रडणं खरं होतं. मी त्या पोरीला एकही टोमणा मारला नाही. माझ्या जिभेसाठी हे बरंच झालं.

जिना उतरल्यावर सुलूचा चेहरा पांढरा पडला होता. यादीतली खडकी आणि येरवड्याची चर्चं राहिली होती. "सातचा हट्ट सोड," मी म्हटलं, आणि तिनं वाद घातला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

नाना पेठेतलं आमचं चर्च लहान आहे. कौलारू, लाकडी बाक, मागे चिंच. संध्याकाळची उपासना. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, मी सुलूबद्दल आधीच विचारलं होतं. त्यांनी नेहमीचंच आमंत्रण सुलूकडे बघून मुद्दाम सावकाश दिलं: बाप्तिस्मा झालेला कुणीही, कुठल्याही मंडळीचा असो, प्रभूच्या मेजाशी यावं.

आमच्याकडे ताट बाकावरून हातोहात पुढे येतं. भाकरीचे बारीक तुकडे. ताट सुलूकडे आलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. मी मनात म्हणत होते, घे. आयुष्यभर नियम पाळणारी मी, पोटातून म्हणत होते, घे गं. तिनं त्या तुकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग ताट माझ्या हातात दिलं.

मी ते पुढच्या बाईंकडे दिलं. मग द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक आलं, तेही दिलं. लहानपणापासून ज्या बाकावर घेत आले, तिथे मी पहिल्यांदा न घेता बसले. मंडळीचे पंच माझ्याकडे वळून बघत होते. बघोत.

रिक्षात सुलू म्हणाली, "तू का नाही घेतलंस? तुला कोण अडवत होतं?"

"घसा बसलाय माझा."

"खोटारडी." मग ती उशीला टेकली. "घेणार होते मी. पण मग अँथनीपासून लपवावं लागलं असतं, फादरपासून लपवावं लागलं असतं. चोरून नको होतं, ताई. दोन्हीकडून बोलावून हवं होतं."

मी तिच्या पाठीशी उशी नीट केली. बाळासाहेब कॅम्पातल्या सिग्नलला हॉर्न न वाजवता उभे राहिले.

सुलू ईस्टरच्या आधीच गेली. घोरपडीच्या चर्चमध्ये मिस्सा झाला. आमच्याकडचे नातेवाईक एका बाजूला, त्यांच्याकडचे दुसऱ्या बाजूला. कुणी सांगितलं नव्हतं, तसेच बसले. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. ती बाजू उठली, ही बाजू बसून राहिली. अँथनी पहिल्या बाकावर होता. तो उठला आणि रांगेत जायच्या ऐवजी माझ्या शेजारी येऊन बसला.

"अँथनी, जा," मी म्हटलं. "तुला मिळतं. जा."

"तिनं सांगितलंय मला सगळं," तो म्हणाला. "आज बसतो तुमच्याबरोबर." फादरनी आमच्याकडे पाहिलं. प्रसाद देणारा त्यांचा हात थोडा थांबला.

या यात्रेला जायचं का, असं विचाराल तर जरूर जा. बघण्यासारखं खूप आहे, आणि सगळीकडे लोक चांगले भेटले. एकही वाईट माणूस भेटला असता तर त्याच्यावर सगळं ढकलून मी मोकळी झाले असते. पण ज्यांनी आम्हाला नाही म्हटलं, तेही चांगलेच होते.

खडकी आणि येरवडा राहिलंय. बाळासाहेबांनी दोनदा फोन करून विचारलं. जाईन म्हणते, अँथनीला घेऊन.

रोज संध्याकाळी कर्वेनगरच्या घरात मी एकटीच प्रार्थनेला बसते. सुलू जिथे थांबायची तिथे आता मीही थांबते. जरा वेळ जाऊ देते. मग शेवटची ओळ म्हणते आणि बसून राहते. झालं का तुझं, असं विचारणारं कुणी नाही, त्यामुळे उठावं कधी ते कळत नाही.