घुसळे कॅप्टन आणि गार बाटली

चाकणजवळच्या निघोज्यात घुसळे आडनावाचं एकही घर नाही, तरी घुसळे कॅप्टन कुठं राहतात म्हणून विचारा, शेंबडं पोरही बोट दाखवेल. जिममधून घरापर्यंत हा माणूस हातातला प्रोटीनचा शेकर खळाखळा हलवत चालायचा. आधी आवाज यायचा, मग कॅप्टन. कुणीतरी गमतीनं घुसळे म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एका लग्नपत्रिकेवर तेच छापून आलं, तेव्हा वहिनी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

मी परभणीकडून चाकणला कंपनीत लागलो तेव्हा माझी ओळख फक्त खोलीमालकाशी आणि डासांशी. कॅप्टन आमच्याच लाइनवर होते. मला क्रेट उचलताना पाहून म्हणाले, "मांड्या बऱ्या हायेत राव. कबड्डी येती का?" येते म्हटलं. संध्याकाळी मी गावच्या संघात. कुणीतरी कुरकुरलं, हा बाहेरचा. कॅप्टन म्हणाले, "पाणी आपल्या गावचं पितो न्हवं? मग आपलाच." विषय तिथंच मिटला.

सरावानंतर काय प्यायचं, यावरून मात्र आमचं रोज वाजायचं. जिमवाल्याच्या फ्रिजात तयार शेकच्या बाटल्या असायच्या. गार, गोड, झाकण फिरवलं की काम झालं. आम्ही पोरं बाटलीवाली. पावडरीचा शेकर धुवायचा विसरून लॉकरमध्ये राहिला, तर दुसऱ्या दिवशी अख्खी शिफ्ट नाक दाबून काम करते हो! कॅप्टन कट्टर पावडरवाले. "बाटलीत किती प्यायचं ते बाटलीवाला ठरवतो. डब्यातलं आपण ठरवायचं. आपला वजनी गट हाय भावा, तोंडाला लगाम पायजे." मग अर्धा चमचा पावडर, घोटभर पाणी आणि घुसळणं सुरू. मी म्हणायचो, "कॅप्टन, आता लोणी निघेल." ते म्हणायचे, "निघालं तरी तुला न्हाई द्यायचो."

त्या हंगामात डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यापुढं हात टेकले होते. नदीपलीकडच्या गावची स्पर्धा खेळायची आणि बस्स. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, आणि हा कॅप्टनचा शेवटचा सामना, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामन्याआधी वजन व्हायचं, त्यासाठी ते आदल्या रात्रीपासून उपाशी. पहिली शिफ्ट सुटल्यावर तसेच टेम्पोत चढले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की पावडरीचा डबा कंपनीतच राहिलाय. ऊन मी म्हणत होतं. त्यांना गरगरायला लागलं, तशी सोबत आलेल्या जिमवाल्यानं बर्फातली बाटली पुढं केली. कॅप्टननी तोंड लावलं ते तळ दिसेपर्यंत काढलंच नाही. ओठ पुसून म्हणाले, "बरी लागती की रे."

वजनकाट्यावर उभे राहिले आणि आकडा गटाच्या जरासा पुढं गेला. सगळी त्या बाटलीची करणी. आमचे सातच गडी, राखीव कुणी नाही. नशीब, वजनं बंद व्हायला अजून अवकाश होता. कॅप्टननी कुणाचं तरी जर्किन चढवलं, वरून रेनकोट, आणि घाम गाळून वजन उतरवायला त्या उन्हात मैदानाला चकरा सुरू केल्या. थोड्या वेळानं पाहतो तर समोरच्या संघाचा कॅप्टनही त्यांच्या जोडीनं पळतोय. "तुमाला हरवायचं तर मैदानात हरवू," तो म्हणाला. "काट्यावर हरवण्यात काय मजा हाय?"

वजन बसलं, पण गुडघा सुजून टम्म झाला. तरी ते खेळले. आम्ही एका गुणानं मागं होतो आणि शेवटची चढाई उरली होती. शेवटची चढाई नेहमी कॅप्टनचीच. ते रेषेपर्यंत गेले, पाय टेकवेना. वळून मला म्हणाले, "तू जा."

"कॅप्टन, ही तुमची आहे."

"माझी हाय म्हणूनच देतोय."

मी गेलो आणि धरला गेलो. आम्ही हरलो.

मला मान वर करवेना. रडू आलं, ते मी लपवलंही नाही. कॅप्टन लंगडत आले, माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "मी गेलो असतो तर दोघांनीच धरलं असतं. तुला चौघं लागले. पुढच्या टायमाला कॅप्टन तू."

परतताना टेम्पोत ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले. खांद्याला रग लागली, पण गाव येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.